ॲन आर्बरमधील तीन दिवस: तिकिटाआधी विद्यापीठाचे कॅलेंडर पाहावे

शिकागोहून मिशिगनमधील ॲन आर्बर या गावी आम्ही आजवर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा सोमवारच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून गेलो. पहिली खेप सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेला झाली आणि दुसरी मेअखेरच्या मेमोरियल डेला. गाव तेच आणि रस्तेही तेच होते. तरीही दोन्ही सहलींचा खर्च, गर्दी आणि चव इतकी वेगळी होती की, दोन निरनिराळ्या गावांना जाऊन आल्यासारखे वाटले. म्हणून हे परीक्षण गावाइतकेच तारखेचेही आहे.

या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी पन्नास हजारांहून अधिक आहेत. १८१७ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झालेले हे विद्यापीठ १८३७ मध्ये इकडे हलले आणि तेव्हापासून गावाची दिनदर्शिका तेच ठरवत आले आहे. खोल्यांचे दर, हॉटेलांपुढच्या रांगा, संध्याकाळी रस्त्यावर किती माणसे दिसतील, या साऱ्याचे उत्तर हवामानाच्या अंदाजापेक्षा विद्यापीठाच्या वेळापत्रकात लवकर सापडते. अलीकडे पहिल्या सत्राचे वर्ग ऑगस्टअखेरीसच सुरू होतात, त्यामुळे लेबर डेला गाव नुकतेच भरलेले असते: गाद्या आणि छोटे फ्रीज वाहून नेणारे पालक परतलेले असतात आणि मुलांच्या अंगावर अजून अभ्यासाचे ओझे पडलेले नसते. त्यातच विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना बहुतेक वर्षी याच शनिवारी येतो. मेअखेरीस याच्या अगदी उलट चित्र असते. सत्र एप्रिलमध्ये संपलेले असते, बहुसंख्य मुले घरी गेलेली असतात आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातही खिडकीजवळची जागा सहज मिळते.

पहिल्या खेपेला आम्हाला यातले काहीही ठाऊक नव्हते. तीन आठवडे आधी खोली शोधायला बसलो, तेव्हा विद्यापीठाजवळचे सारे भरलेले होते आणि जे मिळाले ते गावाच्या दक्षिणेला, महामार्गालगतचे एक हॉटेल. त्याचे नाव इथे घेत नाही. दर नेहमीच्या दुपटीहून अधिक होता, किमान दोन रात्रींची अट होती आणि पैसे परत मिळण्याची सोय नव्हती. हे सारे आम्ही डोळे मिटून मान्य केले, कारण जाहिरातीत गावात नेणाऱ्या मोफत गाडीचा उल्लेख होता. शनिवारी सकाळी खाली आलो, तर स्वागतकक्षाच्या काउंटरवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: ‘सामन्याच्या दिवशी गाडी बंद’. ज्या दिवशी गाडीची खरी गरज, नेमका तोच दिवस त्यांनी वगळला होता. सासूबाई सोबत होत्या; त्यांना दीड तास लॉबीत बसवून मी टॅक्सीच्या मागे लागलो आणि जी मिळाली तिनेही गर्दीचे भाडे लावले. तेव्हापासून खोली ठरवताना मी तीनच प्रश्न विचारतो: त्या शनिवारी घरचा सामना आहे का, ठरलेले रद्द करता येईल का आणि विद्यापीठाच्या मध्यवर्ती आवारापर्यंत पायी किती वेळ लागतो. न्याहारी मोफत आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. गावात स्थानिक बससेवा चांगली आहे, मात्र सुट्टीच्या सोमवारी ती मिळेलच असे धरून चालू नये. त्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

जाण्यासाठी मोटारीपेक्षा रेल्वे बरी, हे माझे ठाम मत आहे. शिकागो ते डेट्रॉइट आणि पुढे पाँटिॲक अशी धावणारी ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची ‘वुल्व्हरीन’ गाडी साडेचार तासांच्या आसपास ॲन आर्बरला पोहोचवते आणि वाटेतल्या काही टप्प्यावर ताशी ११० मैलांचा वेग गाठते. मिशिगनचे घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असल्यामुळे जाताना एक तास हातचा जातो. दुपारच्या जेवणाचा बेत आखताना हा तास विसरला, की पंचाईत होते. स्थानकाला लागूनच १८८६ सालचे जुने दगडी स्थानक उभे आहे, त्यात आता रेस्टॉरंट चालते. तिथून थोडा चढ चढून गेले, की केरीटाउन हा जुना विटांच्या इमारतींचा भाग लागतो. शनिवारी इथे शेतकरी बाजार भरतो, त्यामुळे चाकांची बॅग ओढत आलेला प्रवासी थेट टोमॅटो आणि फुलांच्या ढिगांमध्येच येऊन थांबतो.

याच भागात, १९०२ मध्ये बांधलेल्या एका विटांच्या इमारतीत ‘झिंगरमन्स डेलिकेटेसन’ आहे. पॉल सॅजिनॉ आणि आरी वाइन्झ्वाइग यांनी १९८२ मध्ये सुरू केलेले हे ज्यू पद्धतीच्या खाद्यपदार्थांचे दुकान आज गावाच्या ओळखीचाच भाग झालेले आहे. आत शिरताच पाव, चीज आणि ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांनी भिंती छतापर्यंत भरलेल्या दिसतात. सँडविचची यादी फळ्यांवर असते आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. त्यातले कॉर्न्ड बीफचे म्हणजे खारवलेल्या गोमांसाचे रूबेन सर्वांत प्रसिद्ध, पण ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी मांसविरहित प्रकारही पुरेसे आहेत. मोठ्या सँडविचला २० डॉलरच्या आसपास पडतात. आकडा ऐकून सासूबाईंनी भुवया उंचावल्या होत्या, परंतु एक मोठे सँडविच दोघांना पुरते, हे पहिल्याच घासात लक्षात आले. पाव जाड, कडक कडेचा आणि आतून ओलसर असतो. मधले सारण कितीही रसदार असले, तरी तो शेवटपर्यंत लगदा होत नाही. मला विचाराल, तर या सँडविचचे अर्धे श्रेय पावाचेच आहे.

मात्र मला सर्वांत आवडली ती काउंटरवरची विचारपूस. सँडविच मागितले, की ‘लोणचे नवे हवे की जुने?’ असा प्रश्न येतो. लोणच्याची काकडी इथे दोन प्रकारांत मिळते: नवी म्हणजे अजून काकडीचीच चव आणि कुरकुरीतपणा राखून असलेली, तर जुनी म्हणजे अधिक काळ मुरलेली, लसणाचा दणका असलेली. मुरलेल्या लोणच्याची कदर करणाऱ्या घरातून आलेल्या सासूबाईंना इंग्रजी फारसे न कळताही हा प्रश्न एका क्षणात कळला आणि त्यांनी ‘जुने’ म्हणून बोट दाखवले. दुकानाची दुसरी चांगली रीत म्हणजे विकत घेण्याआधी चाखायला देणे. चीजच्या काउंटरवरच्या मुलीने सुरीच्या टोकावर पातळ काप ठेवून तीन प्रकार पुढे केले, त्यांतील फरक समजावला आणि आम्ही सर्वांत लहान तुकडा घेतला तरी तिच्या चेहऱ्यावर नाराजी आली नाही. सामन्याच्या दिवशी मात्र दाराबाहेरची रांग पाहूनच भूक मरते. अशा शनिवारी इथे दुपारी जाण्याऐवजी सकाळी लवकर जावे किंवा सरळ रविवारवर ढकलावे. मे महिन्यात आम्ही दहा मिनिटांत काउंटरशी पोहोचलो होतो.

विद्यापीठाचे मध्यवर्ती आवार तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ‘डायॅग’ नावाच्या चौकाच्या मधोमध पितळेचे ‘एम’ अक्षर जमिनीत बसवलेले आहे. पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास होणार, अशी विद्यार्थ्यांत समजूत आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही बाकावर बसून अर्धा तास हाच खेळ पाहिला. घोळक्याने येणारी नवी मुले बोलता बोलता त्या अक्षरापाशी येताच पाण्याच्या डबक्याभोवतून जावे तशी दोन बाजूंना फुटत होती. मेमध्ये त्याच अक्षरावर एक लहान मूल निवांत उड्या मारत होते. गाव गजबजलेले हवे की रिकामे, याचा निर्णय करण्यासाठी एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

कायदा शाखेची इमारत चुकवू नये. विल्यम कुक या वकिलाच्या देणगीतून १९२३ ते १९३३ या काळात उभारलेला हा दगडी चौसोपी परिसर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वळणाचा आहे. गंमत म्हणजे ज्याने पैसे दिले त्याने तो कधी येऊन पाहिला नाही. ग्रंथालयाच्या उंच वाचनकक्षात पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बुचाची फरशी घातलेली आहे. इथे पर्यटक म्हणून मिरवू नये. मुले खरोखर अभ्यास करत असतात. मिशिगन युनियन या विद्यार्थी केंद्राच्या पायऱ्यांवर जॉन केनेडी यांनी १४ ऑक्टोबर १९६० रोजी पहाटे दोनच्या सुमारास विद्यार्थ्यांसमोर ती कल्पना मांडली, जिच्यातून पुढच्या वर्षी परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी ‘पीस कोअर’ ही अमेरिकी संस्था उभी राहिली. त्या जागी गोल फलक बसवलेला आहे. बर्टन मनोऱ्यातील ५३ घंटांचे वादन ऐकायचे असेल, तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पोहोचावे, कारण हे वादन वर्ग सुरू असतानाच्या कामाच्या दिवशी होते आणि शनिवारी येणाऱ्या पाहुण्याच्या वाट्याला ते येत नाही. कला संग्रहालय आणि निसर्गेतिहास संग्रहालय दोन्हींना प्रवेश विनामूल्य आहे. पाऊस आला तर दिवस वाया जात नाही.

सामन्याबद्दल माझे मत जरा मिश्र आहे. १९२७ मध्ये सुरू झालेल्या मिशिगन स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे गावातली सगळी माणसे एकाच वेळी बसवली तरी थोडीच उभी राहतील. त्याचा बराचसा भाग जमिनीखाली असल्याने बाहेरून त्याचा आवाका कळत नाही. आत शिरल्यावर एकदम खोल वाडग्याच्या काठावर आल्यासारखे होते. खेळाचे नियम आम्हाला अर्धेच कळले, पण पिवळ्या-निळ्या कपड्यांतील लाखभर माणसांचा एकाच वेळी उठलेला आवाज छातीत जाणवतो आणि त्याला नियम कळावे लागत नाहीत. ज्यांना सामना पाहायचाच नाही, त्यांनी त्या शनिवारी इथे येण्याचे काही कारण नाही. आसपासचे रहिवासी आपल्या अंगणातली हिरवळ वाहने उभी करण्यासाठी भाड्याने देतात, यावरून गर्दीची कल्पना यावी.

संध्याकाळसाठी लिबर्टी रस्ता पुरेसा आहे. तिथल्या १९२८ सालच्या मिशिगन थिएटरमध्ये चित्रपटाआधी कधी कधी जुना ऑर्गन वाजवतात. जवळच ‘लिटराटी’ हे पुस्तकांचे दुकान लागते आणि तिथे कोणीही काहीही लिहावे म्हणून टंकलेखन यंत्र ठेवण्याची प्रथा आहे. आमच्या मुलीने यंत्राच्या कळा जोरात दाबाव्या लागतात हे आयुष्यात प्रथमच अनुभवले आणि स्वतःचे नाव चार वेळा चुकवून पाचव्यांदा बरोबर उमटवले.

मेमोरियल डेच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा निकोल्स आर्बोरेटमचा. गावकरी त्याला ‘आर्ब’ म्हणतात. ह्युरॉन नदीच्या काठी १२३ एकरांवर पसरलेल्या या चढउताराच्या वनराईत पिओनी फुलांची जुनी बाग आहे आणि तिचा बहर साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असतो. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या कळ्या मिटलेल्या होत्या आणि निम्मी फुले दोन्ही हातांच्या ओंजळीएवढी उमलली होती. काही फुले तर स्वतःच्या वजनाने वाकून गवताला टेकली होती. सासूबाई इथे दोन तास रमल्या. सप्टेंबरच्या खेपेत त्या एकाही ठिकाणी वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकल्या नव्हत्या. आत चालण्याच्या वाटा कच्च्या आणि उताराच्या आहेत, तेव्हा वयस्कर माणसांना पिओनींच्या बाजूच्या वरच्या फाटकानेच आत न्यावे आणि नदीपर्यंत उतरण्याचा आग्रह धरू नये.

तरुण मंडळींना आणि पुढेमागे इथे शिकण्याचा विचार असलेल्या मुलांना मी लेबर डेला पाठवीन, मात्र सामन्याच्या तारखा जाहीर होताच खोली ठरवण्याच्या अटीवर. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे तर मेअखेर निवडीन आणि विद्यार्थ्यांविना गाव थोडे सुने वाटेल, हे आधीच सांगून ठेवीन. आम्ही दुसऱ्या खेपेला रविवारी संध्याकाळीच दोन सँडविच बांधून घेतली होती आणि सोमवारच्या परतीच्या गाडीत कॅलमझूच्या आसपास ती सोडली. जुन्या लोणच्याचा लसणाचा वास डब्यात असा पसरला की, पलीकडच्या आसनावरच्या विद्यापीठाची टोपी घातलेल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली करून विचारले, ‘झिंगरमन्स?’ सासूबाईंनी मान डोलावली आणि उरलेली एक फोड त्यांच्यापुढे केली.