जेटीचे खांब: खरवडायचे की कालवं राहू द्यायची?

दाभोळ खाडीच्या तोंडाजवळ आमची छोटी जेटी आहे, आठ आरसीसी खांब (आत लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट), होडी लावायला आणि आल्यागेल्याला उतरायला. ज्यांच्याकडे असा धक्का आहे त्यांना दिवाळी झाली की हाच प्रश्न पडतो, खांबांवरचे बार्नेकल (खांबाला घट्ट चिकटून राहणारे कवचाचे बारीक प्राणी) आणि कालवं काढून टाकायची की राहू द्यायची. मी दोन्ही करून बघितलंय. पहिली चार वर्षं नेमाने खरवडत होतो, मग सोडून दिलं.

खरवडायच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खांब दिसतो. भेग, हनीकोम्बिंग (काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेल्या पोकळ्या), जे काय असेल ते उघड्यावर येतं, नाहीतर कवचांखाली काय चाललंय ते कळत नाही. होडीचा दोर कवचांवर घासून तुटतो, पोरांचे पाय कापतात, ही पण खरी कटकट. खांब जाड झाला की लाटेचा मार वाढतो म्हणतात, ते खरंच आहे, पण खाडीच्या आत त्याची मला फारशी भीती वाटली नाही, उघड्या समुद्रावर असाल तर वेगळा विचार करा.

आता मला वैताग कशाचा आला ते सांगतो. काम करायचं तर उधाणाची ओहोटी धरावी लागते, हातात जेमतेम दोन-अडीच तास, छिन्नी-हातोडा आणि स्क्रॅपर घेऊन माणसं चिखलात उभी. बरं, बार्नेकल एकटा निघत नाही, खालचा सिमेंटचा पापुद्रा घेऊन निघतो. पहिल्या वर्षी शटरिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) गुळगुळीत फिनिश होतं, तिसऱ्या वर्षी हात फिरवला तर वाळू लागायला लागली. आणि पुढच्या मोसमात खांब पुन्हा भरलेले, मला तर आधीपेक्षा दाटच वाटले! त्याच्या पिल्लांना खडबडीत जागा आवडते आणि जिथे आपली जात आधी बसलेली तिथेच ती येऊन चिकटतात (बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा पण आहे खेकडा-कोलंबीच्या नात्यातला). म्हणजे मी दरवर्षी मजुरी देऊन त्यांच्या पुढच्या पिकासाठी जमीन नांगरून देत होतो.

राहू द्यायच्या बाजूने मुद्दा क्लोराइडचा, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या खाराचा. ते झिरपत सळईपर्यंत पोचलं की गंज, आणि सळई फुगली की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटलंच. बार्नेकल आणि कालव खाली चुनखडीसारख्या कवचाने घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे पाण्याची आत शिरायची वाट अडते. अशा झाकलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड कमी शिरतं असं जपान-चीनमधल्या अभ्यासांतही दिसलंय. माझा पुरावा साधा आहे. टोकाच्या दोन खांबांपर्यंत मजूर कधी नीट पोचलेच नव्हते, नंतर तपासायला म्हणून तिथली हातभर जागा साफ केली तर वरचा थर थोडा निघाला खरा पण खाली शटरिंगच्या फळ्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. खरवडलेल्या सहा खांबांवर एक रेघ शिल्लक नाही. आता हे काही मोजमाप नव्हे, कोअर (खांबाला भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना) काढून लॅबला पाठवलेला नाही, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका.

पण सगळंच राहू द्या असंही नाही. शिणाणे (लांबट शिंपले) धाग्यांनी लटकतात, बुडाने चिकटत नाहीत, त्यांच्या गठ्ठ्यात गाळ साठतो, आत काळा होऊन कुजका वास मारतो, तो थर काँक्रीटला बरा नाही, हाताने ओढून काढावा. दगड पोखरणारे शिंपलेही असतात, पण त्यांना चुनखडीसारखा मऊ दगड लागतो आणि आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, म्हणून ती चिंता मी सोडली. मुळात काँक्रीटच पोकळ असेल तर वर कितीही कालवं बसू देत, सळई वाचत नाही. आणि जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती नवं काँक्रीट चढवायचं, ठरलं तर मात्र सगळं काढावंच लागतं, नाहीतर नवं काँक्रीट धरत नाही.

अजून एक, माझ्या खांबाला पहिला तांबूस ओघळ आला तो बार्नेकलच्या पट्ट्याच्या वर, जिथे भरतीचं पाणी नुसतं उडतं. तिथे ओलं-सुकं सारखं चालू आणि हवा भरपूर, गंजाला अजून काय पाहिजे. तिथे बार्नेकल टिकतच नाही, म्हणजे खाली खरवडलं काय नि नाही काय, त्या पट्ट्याला फरक शून्य. मला विचाराल तर खरवडायचे पैसे तिथल्या दुरुस्तीला आणि कोटिंगला घाला.

हल्ली मी फक्त पायऱ्या आणि दोर बांधायची जागा साफ करून घेतो, आणि प्रत्येक खांबावर एक हातभर चौकोन बघायला म्हणून मोकळा ठेवतो. बाकी कालवं काढणाऱ्या बायकांना मोकळीक आहे. त्या कोयतीने वरचं झाकण उडवतात, आतलं काढून घेतात, खालचं कवच खांबालाच राहतं, म्हणजे मला पाहिजे तेवढंच. जाताना वाटीभर कालवं आमच्याकडे देऊन जातात.