रिसर्च प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय: फील्डची वाट की मानसशास्त्राची?

वर्तनविज्ञानातल्या प्रकल्पावर मॅनेजर नेमताना पदवीइतकंच एक पाहिलं जातं: प्रश्नावलीपासून स्वच्छ डेटापर्यंत एखादा अभ्यास या माणसाने पूर्ण नेलाय का? आपल्याकडे या पदापर्यंत मुख्यतः दोन वाटांनी पोहोचता येतं.

पहिली वाट फील्डची. अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र किंवा सामाजिक धोरणात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचं (पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, देवनारची लोकसंख्या अभ्याससंस्था आयआयपीएस, टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे टिस) आणि जे-पाल साउथ आशियासारख्या, धोरणांचा परिणाम फील्डवरच्या प्रयोगांनी तपासणाऱ्या संस्थेत रिसर्च असोसिएट म्हणून लागायचं. सर्वेक्षकांचं प्रशिक्षण, पायलट (छोटी पूर्वचाचणी), टॅबलेटवरचा फॉर्म, साधारण १० टक्के घरांचं बॅक-चेक (काही प्रश्न पुन्हा विचारून केलेली पडताळणी), हे सगळं अंगावर पडतं. इथे जे कळतं ते वर्गात कळत नाही. ‘कर्ज घेतलंय का?’ याला ‘हो’ आलं की पुढचे १५ प्रश्न उघडतात, हे सर्वेक्षकाच्या चार दिवसांत लक्षात येतं आणि मग ‘नाही’ वाढू लागतात. म्हणून ‘हो’चं प्रमाण रोज संध्याकाळी, सर्वेक्षकनिहाय पाहायचं. महिन्याने पाहिलं तर तो डेटा गेलाच.

दुसरी वाट मानसशास्त्राची: एम.ए., मग प्रयोगशाळा किंवा विद्यापीठातला प्रकल्प. या लोकांचं मोजमाप पक्कं असतं, आणि फील्डवाले नेमके तिथेच घसरतात. इंग्रजी मापनश्रेणीचं भाषांतर करताना उत्तराच्या दोन पायऱ्या ‘कधी कधी’ आणि ‘अधूनमधून’ झाल्या, तर उत्तर देणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात आणि पाच पायऱ्यांच्या चारच उरतात. उलट-भाषांतरात (मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहण्यात) हे नजरेतून निसटू शकतं. आठ-दहा जणांना ‘या प्रश्नाचा अर्थ काय घेतलात?’ असं विचारल्यावर सापडतं.

या वाटेची उणीव नमुन्याच्या गणितात दिसते. ०.२ प्रमाण विचलनाचा (म्हणजे लहानसा) परिणाम ८० टक्के पॉवरने, म्हणजे तो खरंच असेल तर दिसण्याची शक्यता ८० टक्के ठेवून, पकडायला तुलनेच्या दोन गटांपैकी प्रत्येक गटात सुमारे ३९३ माणसं लागतात. पण गावंच्या गावं गटांत वाटली, प्रत्येक गावातून २० घरं घेतली आणि गावांतर्गत सहसंबंध (एकाच गावातली उत्तरं एकमेकांशी किती मिळतीजुळती असतात ते) ०.०५ असला, तर हा आकडा १.९५ पट होतो: ७६६ च्या आसपास. बजेट मंजूर झाल्यावर हे लक्षात आलं तर मार्ग उरत नाही.

एनजीओच्या कार्यक्रम व्यवस्थापनातूनही काहीजण येतात. परवानग्या आणि हिशेब त्यांना चोख जमतात, पण डेटा वाचता येत नसेल तर ते समन्वयकाच्या पुढे क्वचित सरकतात.

एथिक्स कमिटीचा (सहभागींच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासणाऱ्या समितीचा) अर्ज मात्र कोणत्याही वाटेने या, स्वतः लिहायला शिका. आरोग्यविषयक अभ्यासाला परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, आणि वेळापत्रकात तिला जागा ठेवावी लागते.

पंचविशीच्या आत असाल आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहता येत असेल, तर आमचं मत फील्डच्या बाजूने. मानसशास्त्रात एम.ए. झालंच असेल तर दुसरी पदवी घेऊ नका. स्टाटा किंवा आर हे डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिका आणि एक वर्ष फील्डवर काढा. पीएच.डी. मुख्य संशोधक व्हायला लागते, मॅनेजर व्हायला नाही. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मात्र एक विचाराच: बजेटची शीट आणि डेटा तपासणीचा कोड माझ्या हातात असेल का? दोन्हींना ‘नाही’ आलं, तर त्या वर्षाने तुम्ही मॅनेजरपदाच्या जवळ येणार नाही.