कॅटरहॅम सेव्हन, किट स्वरूपात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सेव्हन ही हलकी, उघडी, दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची तर किटच, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या स्वरूपातच, घ्यावी. या गाडीचे नट-बोल्ट वर्षभर तपासावे लागतात आणि ज्याने ते बसवले, त्याला कुठला पाना कुठून शिरतो हे माहीत असतं.

ही गाडी सुट्या भागांत विकली जाऊ लागली ती करामुळे. 1957 मध्ये लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी मूळची लोटस सेव्हन आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स (खरेदी कर) होता, किटवर नव्हता. मात्र सोबत जोडणीची कृती देता येत नसे. लोटसने मग गाडी खोलायची कृती दिली. ती शेवटाकडून वाचायची! 1973 मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावचे लोटस-विक्रेते ग्रॅहम नर्न यांनी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क घेतले. फायबरग्लासची सिरीज 4 (गाडीची चौथी आवृत्ती) थोडाच काळ काढून ते 1974 मध्ये जुन्या, नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या सिरीज 3 कडे परतले. कंपनी आज टिकून आहे ती या निर्णयामुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे. 1987 मध्ये कारखाना केंटमधल्या डार्टफर्डला गेला. 2021 पासून मालकी जपानच्या व्हीटी होल्डिंग्जकडे आहे.

जोडणीला साधारण 80 ते 100 तास धरा. सगळ्यात जिकिरीचं काम डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअर-संचाचं. ते जड असतं, जागा अरुंद, आणि दोन्ही बाजूंना वॉशर घालून बरोबर मध्यावर आणावं लागतं. दोन माणसं आणि ट्रॉली जॅक हवाच. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच, पुढून, तिरकं करत उतरवायचं. त्याआधी चासीच्या (सांगाड्याच्या) नळ्यांना जाड फोम गुंडाळा, नाहीतर पावडर कोटिंग खरवडतं आणि तिथूनच गंज धरतो. ब्रिटनमध्ये नोंदणीपूर्वी होणाऱ्या आयव्हीए या सरकारी तपासणीत बाहेरच्या धारदार कडा पाहतात. कडेच्या गोलाईची त्रिज्या किमान 2.5 मिलिमीटर हवी, म्हणून उघड्या नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावूनच गाडी न्यावी.

वापरात पहिली चूक होते ती हवेची. गाडीचं वजन जेमतेम साडेपाचशे किलो, त्यामुळे थंड टायरमध्ये 18 ते 20 पीएसआय पुरे. सवयीने 30 भरली की गाडी उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. वेग वाढवताना-सोडताना मागून 'टक्' आवाज येत असेल तर डी डिऑन नळीखालच्या (ही मागची दोन चाकं जोडते) ए-आकाराच्या दांड्याचा, म्हणजे ए-फ्रेमचा, बुश (सांध्यातली बाही) आधी पाहा. वळणावरचा आडवा भार आणि ब्रेक-ॲक्सिलरेटरचा ओढा, दोन्ही त्या एकाच बुशवर येतात, म्हणून तो लवकर झिजतो. बदलायला स्वस्त आहे, टाळू नये.

इंजिनखालचं ऑइलचं भांडं (सम्प) जमिनीलगत असतं. गतिरोधक तिरका ओलांडा, पार्किंगमधल्या उंच कडेवर गाडी चढवू नका. पुढच्या चाकांनी उडालेले खडे मागच्या मडगार्डवर आदळतात. संरक्षक फिल्म पहिल्या फेरीआधीच लावावी, नंतर लावली तर टवके आतच राहतात. हेडलॅम्प आणि पुढच्या मडगार्डचे ब्रॅकेट कंपनाने सैल होतात. पहिल्या 500 मैलांनंतर सगळे पुन्हा आवळा, मग दर महिन्याला हात फिरवा.

ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे रिव्हेटने भिडतात, तिथे खारं पाणी साचलं की पत्र्याखाली पांढरी भुकटी धरते. प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, सांध्यांत वॅक्स मारावं.