पॉवरबॉल: फलकावरचा आकडा आणि हातात पडणारे पैसे

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. त्यामुळे अमेरिकेतल्या पॉवरबॉल या लॉटरीचं 2 डॉलरचं तिकीट घेतलं की नशिबाआधी मी नियम बघते.

खेळ सोपा आहे. 69 पांढऱ्या चेंडूंतले 5 आणि 26 लाल चेंडूंतला 1 ओळखायचा. सगळे जुळण्याची शक्यता 29,22,01,338 मध्ये एक. हे ते लपवत नाहीत, तेवढे गुण त्यांना द्यायलाच हवेत. नुसता लाल जुळला तर 4 डॉलर. म्हणजे पुढच्या दोन तिकिटांची सोय!

खरी मेख जॅकपॉटच्या, म्हणजे सगळे चेंडू जुळल्यावरच्या बक्षिसाच्या, आकड्यात आहे. जाहिरातीच्या फलकावरचे 10 कोटी डॉलर कुठल्याही तिजोरीत पडलेले नसतात. ती 29 वर्षांत मिळणाऱ्या 30 हप्त्यांची बेरीज असते. पहिला हप्ता लगेच, मग दर वर्षी 5 टक्के वाढ. कागदावर मांडून पाहिलं: 10 कोटींचा पहिला हप्ता जेमतेम 15 लाख, शेवटचा 62 लाखांच्या आसपास. एकरकमी हवे असतील तर व्याज वजा जाता खरोखर जमलेली रक्कमच मिळते. नोव्हेंबर 2022 मधल्या 204 कोटींच्या जॅकपॉटची रोख किंमत होती 99.76 कोटी. त्यावर केंद्राचा 24 टक्के कर जागच्या जागी कापतात, पण एवढ्या उत्पन्नाला वरचा दर 37 टक्के, त्यामुळे उरलेला फरक विवरणपत्राच्या वेळी भरा. बऱ्याच राज्यांचा कर आणखी वेगळा. आणि तेच आकडे दुसऱ्या कुणाचे निघाले तर जॅकपॉटची वाटणी.

बहुतेक विजेते रोखच उचलतात. मी हप्ते घेईन. एका वर्षी उधळपट्टी झाली तरी पुढचा हप्ता शाबूत, आणि तोही वाढलेला. ही सोय कुणी फारशी वाखाणत नाही.

छोटी बक्षिसं काही पटींनी वाढवणाऱ्या 'पॉवर प्ले'साठी मात्र जादा डॉलर घालू नका. जॅकपॉट त्याने वाढत नाही, आणि 10 पटीचा चेंडू जॅकपॉट 15 कोटींपर्यंत असेल तरच असतो.

तिकिटाच्या मागे आधी सही करा. सही नसेल तर ते ज्याच्या हातात, त्याचंच समजलं जाऊ शकतं. दाव्याची मुदतही राज्यागणिक वेगळी, 90 दिवसांपासून एक वर्षापर्यंत.

पैसे देण्याच्या पद्धतीला पाचपैकी चार, जाहिरातीला दोन.