डीसी क्लॅम्प मीटर, आठ महिने, सहा व्होल्टच्या जुन्या गाडीवर

आठ महिने झाले हा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) वापरतोय, तेही १९२९ च्या सहा व्होल्टवाल्या गाडीवर, म्हणून म्हटलं लिहावं. घेताना डीसी अँपिअर मोजतो का ते आधी बघा. माझा जुना क्लॅम्प नुसता एसीवाला होता, बॅटरीच्या वायरला लावला की शून्य, आणि मी दोन रविवार बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला शिव्या घालत बसलो.

नट काढायचा नाही, वायर तोडायची नाही, चिमटा लावला की आकडा, हे सुख मोठंय, कारण त्या काळच्या वायरीचं कापडी आवरण नुसतं बोट लागलं तरी भुसा होऊन गळतं. आयडलला उणे तीन अँपिअर, म्हणजे बॅटरीतूनच करंट जातोय. थोडी रेस दिली, कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी आपोआप जोडणारा स्विच) टक् करून लागला आणि अधिक सात, नऊ, दहा. अजून रेस दिली तर चक्क आठवर उतरला! वाटलं मीटर गंडला. पण हा तीन ब्रशवाला (ब्रश म्हणजे फिरत्या भागाला टेकणारे कार्बनचे तुकडे) डायनॅमो, स्पीड वाढला की आर्मेचरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, करंटमुळे आतलं चुंबकक्षेत्र वाकडं होतं, फील्डला (चुंबकक्षेत्र तयार करणाऱ्या कॉइलला) करंट देणाऱ्या तिसऱ्या ब्रशला व्होल्टेज कमी मिळतं, फील्ड ढिली पडते आणि चार्जिंग आपोआप खाली येतं. वेगळा रेग्युलेटर नाहीच. तिसरा ब्रश आर्मेचर फिरतं त्या दिशेला केसभर सरकवला की चार्जिंग वाढतं, उलट सरकवला की कमी. डॅशबोर्डच्या थरथरत्या काट्यावर हे सेटिंग म्हणजे अंदाजपंचे, इथे अर्धा अँपिअरसुद्धा दिसतो. फक्त चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका हं, या डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीच दाबून धरते, ती गेली की बल्ब उडतात आणि डायनॅमोही जळू शकतो.

आता कुरबुरी. शून्य सरकतं, दर वेळी झिरोचं बटण दाबा. प्लगच्या वायरीजवळ नेला की आकडे नाचतात. सेल्फ मारताना १८० अँपिअरच्या आसपास दाखवतो, पण पहिला झटका पकडण्याइतका फास्ट नाही.

आणि मुख्य म्हणजे करंट कुठे अडतोय ते हा सांगत नाही. सेल्फ कण्हत फिरायचा, बॅटरी नवी, उभ्या गाडीत ६.३५ व्होल्ट, हायड्रोमीटरला (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) तिन्ही सेल १.२७ च्या आसपास, तरी कण्हणं चालूच. शेवटी साध्या व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. ०.९ व्होल्ट! सहातले ०.९ म्हणजे सेल्फच्या वाटचं आधीच गिळलेलं, बारावाल्या गाडीत कदाचित खपलंही असतं. अर्थची पट्टी चासीला रंगावरच आवळली होती, आणि ती पट्टीसुद्धा बारा व्होल्टच्या गाडीची, बारीक. रंग खरवडला, जाड पट्टी टाकली, आता ०.१५. डायनॅमो बिचारा पहिल्यापासून ठीक होता.

हो, ऑटो ऑफ नाहीये. गाडीची बॅटरी तपासायला गेलो आणि मीटरचीच मेलेली, असं दोनदा झालंय.