किनाऱ्याचा रस्ता, जंगलातली केबिन आणि ५०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन

पॉवर स्टेशन म्हणजे सोबत नेता येणारी, सॉकेट असलेली मोठी बॅटरी-पेटी. दिवसभर समुद्रकाठच्या रस्त्यावर आणि रात्री वीज नसलेल्या केबिनमध्ये, असा तिचा काही महिने वापर झाला. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. यंत्र चांगलं आहे, पण जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबू नका.

पहिली अडचण चार्जिंगची. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून अशी यंत्रं बहुधा ८-१० अँपिअरच घेतात, म्हणजे जेमतेम १०० वॅट मिळतात. रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास इंजिन चालू हवं. किनाऱ्याच्या रस्त्यावर दर वळणाला थांबावंसं वाटतं आणि इंजिन बंद झालं की बऱ्याच गाड्यांत सॉकेटही बंद. पुन्हा निघताना स्क्रीनवर इनपुटचे वॅट दिसतात का ते बघा. खडबडीत रस्त्यावर प्लग सैल होतो, गरम होतो. हात लावून बघायची सवय ठेवा.

केबिनमध्ये वीज खाणारा खरा भामटा म्हणजे इन्व्हर्टर, बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी एसी वीज करणारा आतला भाग. एसीचं बटण चालू राहिलं की काही न जोडताही तो ८-१० वॅट ओढतो. दहा तासांच्या रात्रीत बॅटरीचा जवळपास पाचवा हिस्सा गेला! म्हणून दिवे १२ व्होल्टचे, मोबाइल यूएसबीवर. पाण्याची किटली विसरा, १५०० वॅट हे पेलत नाही. झाडांखाली सोलर पॅनेलचाही भरवसा नाही. थोडी सावली पडली तरी उत्पादन धाडकन उतरतं. तापमान शून्याखाली गेलं तर ही बॅटरी चार्ज करायची नसते, आधी उबेला आणा.

खाऱ्या हवेबद्दल कुणी बोलत नाही. पंख्याच्या जाळीवर आणि सॉकेटच्या तोंडाशी मिठाचा पातळ थर बसतो. दिवसा तो कोरडा दिसतो, पण जंगलातल्या दमट रात्री ओल धरतो आणि पितळेवर हिरवट डाग येतात. बाहेरची पेटी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. सॉकेट मात्र सगळं बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने.

टक्केवारीचा आकडा अधूनमधून फसवतो, कारण या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसं हलत नाही. महिन्यातून एकदा पूर्ण भरली की आकडा ताळ्यावर येतो.

दोघांना एका रात्रीचे दिवे, मोबाइल आणि कॅमेरा यांना पुरून उरतं. फ्रिज न्यायचा असेल तर १००० वॅट-अवरचं घ्या आणि गाडीच्या बॅटरीवरून थेट डीसी-डीसी चार्जर (सॉकेटपेक्षा जास्त वॅट देणारं जोडयंत्र) बसवा. सॉकेटच्या भरवशावर ते भरायला अख्खा दिवस जाईल.