‘व्हॉट डू दे नो’: माहितीचा अर्ज आणि त्याचे उत्तर, दोन्ही सर्वांसमोर

ब्रिटनमधील सरकारी कार्यालयांकडे माहितीचा अर्ज करता यावा म्हणून ‘मायसोसायटी’ या संस्थेने २००८ मध्ये सुरू केलेले ‘व्हॉट डू दे नो’ हे संकेतस्थळ मला मनापासून आवडते, कारण ते अर्ज नुसता पोहोचवत नाही, तर त्याचा सगळा पत्रव्यवहार जगासमोर खुला ठेवते. अर्जदाराने कार्यालय निवडायचे आणि प्रश्न लिहून पाठवायचा. आलेले प्रत्येक उत्तर, सोबतच्या कागदपत्रांसह, तारीखवार त्याच पानावर प्रसिद्ध होते. एखाद्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, रस्तेदुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब एकाला दिला की तो कोणालाही, खाते न उघडता, वाचता येतो. आणि नकार दिला असेल, तर त्यासाठी तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्यातील कोणत्या तरतुदीचा आधार घेतला, हेही झाकले जात नाही. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथेच आहे.

कायद्याने उत्तरासाठी सर्वसाधारणपणे २० कामकाजाचे दिवस दिले आहेत; मुदत उलटली की संकेतस्थळ अर्जदाराला तसे कळवते. फेरविचाराची मागणीही येथूनच करता येते.

मात्र अर्जदाराचे नाव सर्वांना दिसते, आणि कायद्यानुसार ते खरेच द्यावे लागते. त्यामुळे ज्याला आपल्या नोकरीची धास्ती आहे, त्याने आधी नीट विचार करावा. स्वतःची खासगी माहिती मागण्यासाठी तर ही जागाच नव्हे.

यामागची ‘अलावेतेली’ ही संगणक प्रणाली मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, असल्याने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अशीच संकेतस्थळे तिच्यावर उभी राहिली आहेत.